तुझ्याकडे किती वाजले?

मालवण,
१२ डिसेंबर

चि. बाय हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा होता तसाच आहे. दादा मागच्या शनिवारी येऊन गेला, माडांवर माणूस चढवून नारळ पाडून घेतले. मागच्या दारच्या कलमाला मोहर धरलाय. काही झालेलं नाही. मेसेज केला असता तर तो लगेच तुझ्यापर्यंत पोचला असता, तू लगेच उत्तर दिलं असतंस, आणि नेमकं तेच मला नको आहे. वरच्या वाडीतला मुलगा वीस तारखेला लंडनला चाललाय. तिथून तो हे पार्सल पोस्टाने एडिंबराला पाठवील. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडेल ते दिवसाउजेडी, पोस्टमन येईल तेव्हा.

झालं असं की परवा संध्याकाळी शेजारचा आठवीतला मुलगा भूगोल विचारायला आला. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ. हा धडा मी इतक्या मुलांना शिकवलाय की पुस्तक उघडावं लागत नाही. पडवीत सोललेला नारळ ठेवला, त्याच्यावर खडूने रेघा मारल्या, बॅटरीचा झोत टाकला. दर रेखांशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरची, म्हणजे ८२.५ गुणिले ४, म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास पुढे. मुलगा हुशार आहे. पक्कं झालंय का बघावं म्हणून विचारलं, "ग्रिनिचला रात्रीचा एक वाजला असेल तर आपल्याकडे किती?" तो म्हणाला, "सकाळचे साडेसहा, सर."

बरोबर, म्हटलं मी, आणि पुढचा प्रश्न काही तोंडातून निघेना.

साडेसहा म्हणजे माझ्या चहाची वेळ. तुझा पहिला मेसेज यायची वेळ.

मुलगा गेल्यावर फोन घेऊन खळ्यात बसलो आणि दिवाळीपासूनचे तुझे सगळे मेसेज वर वर करत पाहिले. तू काय लिहिलंस ते पाहिलं नाही, फक्त बाजूची वेळ पाहिली. सहा चाळीस. सहा पंचावन्न. सात दहा. एकदा साडेआठ, म्हणजे तुझे तीन. एकोणतीस दिवस मोजले, त्यातले तेवीस असे. आयुष्यभर पोरांना ती गणितं घातली, आणि स्वतःच्या मुलीचं घड्याळ लावायचं मला सुचलं नाही. कारण मला मजा येत होती. हे मी कबूल करतो. सकाळी उठावं, चूल पेटेपर्यंत फोन वाजावा, आणि तुझा कसला तरी प्रश्न असावा. शाळा सुटल्यापासून इतकं कोणी मला काही विचारलं नव्हतं. तू एवढी जागत होतीस आणि मी त्यावर माझ्या सकाळी साजऱ्या करत होतो.

मी तुला विचारणार नाही की तू का झोपत नाहीस. विचारायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

आपल्या त्या गजाली किती चांगल्या चालल्या होत्या ग. सुरुवात तुझ्या 'पावळी'ने झाली. तू विचारलंस की ह्याला पुस्तकी मराठीत काय म्हणतात. मी लिहिलं, पागोळ्या. मग दिवसभर चुटपुट लागून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी मी चूक सुधारली: पागोळ्या म्हणजे कौलावरून गळतं ते पाणी, पावळी म्हणजे ते पाणी जमिनीवर पडून जिथे ओळीने खळगे पडतात ती जागा. पुस्तकी भाषेत त्या जागेला एक शब्द मला सापडला नाही. तुला आठवत असेल, पावसात पावळीखाली घागरी, कळशा, टोप ओळीने मांडलेले असायचे, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. तू त्या आवाजांना नावं ठेवली होतीस. मोठ्या टोपाचं नाव काकी होतं. काकीला अजून सांगितलेलं नाही.

मग पावसाचीच यादी झाली. मिरग सात-आठ जूनला, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मग सासवांचा, मग सुनांचा, आणि शेवटी हस्त, ज्याला सगळे हत्ती म्हणतात. तू विचारलंस, तरणा का आणि म्हातारा का. पंचांगात ते कुठे दिलेलं नसतं. आजी सांगायची ते मी तुला लिहिलं: तरणा येतो, दणकून पडतो आणि पळून जातो, म्हातारा ओटीवर बसून दिवसभर एकाच सुरात बोलत राहतो. तू लिहिलंस, "बाबा, एडिंबराला वर्षभर म्हाताराच असतो." मी आईला वाचून दाखवलं. ती हसली, मग म्हणाली, तिथे कपडे वाळतात कशे?

खरं तर तिथे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडे एका जुलैत त्याहून जास्त पडून जातो, आणि आंबोलीचं तर बोलायलाच नको, तिथे वर्षाचे सात हजारांच्या वर मोजतात. म्हणजे पाऊस तिथे काही फार नाही. उजेड कमी आहे. मी नकाशा काढून बसलो होतो. आपण सोळा अंशांवर, तू छप्पन्न अंशांवर. बावीस डिसेंबरच्या आसपास आपला दिवस अकरा तासांचा, तुझा सातचा. सूर्य उगवतो तोही क्षितिजाजवळून कडेकडेने फिरतो आणि पावणेचारला मावळतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि आपलं माणूस त्या उजेडात उभं आहे हे डोळ्यांपुढे येणं, ह्यात फरक आहे.

तुझ्या घरमालकीणबाईंचा तो शब्द मी वहीत लिहून ठेवलाय. ड्रीख. भिजट, करडा, ओढून ताणून लांबलेला दिवस. तू म्हणालीस, ह्याला मालवणीत शब्द द्या. मी 'मळब' दिला, तो तुला पुरेना. मळब सरतं, तू लिहिलंस, ड्रीख सरत नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. मग आजीचं वाक्य आठवलं. आषाढातल्या एखाद्या दिवशी ती चुलीपुढून उठून मागच्या दारी यायची, आभाळाकडे बघायची आणि म्हणायची, "आज उजवाडलाच नाय." ते मी तुला पाठवलं आणि तू नुसती एक ओळ लिहिलीस: "हो बाबा, हेच. इथे उजवाडतच नाही." त्यावर मी अंगठा पाठवला. शब्द जमला म्हणून अंगठा पाठवला! काल रात्री ती ओळ परत वाचली.

आणि ती समुद्रावरून शहरात शिरणाऱ्या धुक्याची गोष्ट, ज्याला तिथे 'हार' म्हणतात. दहा पावलांवरचं दिसत नाही, नुसता समुद्राचा वास येतो. वास आला की मालवणची आठवण येते, असं लिहिलं होतंस. मला वाटलं, किती छान लिहिते पोर. आता वाटतं, त्या धुक्यात ती एकटी कुठे चालली होती, आणि किती वाजता?

पुन्हा तिथेच आलो बघ.

पुस्तकांचं बोलू. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने सगळ्यांना वाचायला खुले करून ठेवलेत हे मला तुझ्यामुळे कळलं. मी १९७१ चा अगदी पहिला दिवाळीचा काळ आठवतो. आमच्या शाळेत तो अंक यायचा आणि गुरुजी तो कपाटात कुलूप लावून ठेवायचे. तुझ्या वेळचे अंक माझ्याकडे अजून आहेत, त्यातले पाच पार्सलात घातलेत. पडद्यावर नको वाचूस. रात्री पडद्याकडे बघू नये म्हणतात. कागदावर वाच, अंथरुणात पडून, अक्षरं डोळ्यांपुढे धूसर होईपर्यंत.

'श्यामची आई' मात्र पाठवत नाही. ती प्रत आईच्या उशाशी असते. साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली, अवघ्या पाचेक दिवसांत, हे मी दर वर्षी वर्गात सांगायचो. पण त्या पुस्तकावरून तू मला एक प्रश्न विचारला होतास तो मी कधी कोणाला सांगितला नाही. तू दुसरीत होतीस. मी ओटीवर वाचत होतो, तू आणि दादा ऐकत होता. तू मध्येच म्हणालीस, "बाबा, श्यामची आई कोकणातली ना? मग ती 'खंय' का म्हणत नाय?" मी म्हटलं, "पुस्तकात शुद्धच लिहायचं असतं." तू म्हणालीस, "म्हणजे आजी अशुद्ध?"

मी तुला ओरडलो. मध्ये बोलू नये, पाठ ऐकावा, असं काहीतरी. पालगड दापोलीकडचं, तिथली बोली आपल्याहून निराळी, हे सांगता आलं असतं. ते तरी खरं उत्तर होतं. पण मी उत्तर दिलं नाही, आवाज चढवला. कारण प्रश्न बरोबर होता आणि आजी दारात उभी होती.

आणि त्यानंतर महिनाभराने मी तो डबा आणला.

डबा तुला आठवतो. बिस्किटांचा, झाकणावर मोराचं चित्र. घरात मालवणी शब्द बोललं की एक रुपया दंड. माझ्या मनात वाईट नव्हतं ग. मला जिल्ह्याच्या ठिकाणी पहिल्यांदा भाषण करायला उभं केलं तेव्हा मी 'इलंय' म्हणालो होतो आणि समोरची सगळी रांग हसली होती. तुम्हाला कोणी हसू नये एवढंच मला हवं होतं. पुण्याला जाल, मुंबईला जाल, तिथे 'कित्याक' म्हणालात तर गावंढळ ठराल. दादाने पंधरा दिवसांत बोली सोडली. तू सोडली नाहीस. तुझा दंड रोज पडायचा. मला कळेना की तुझ्याकडे एवढे रुपये येतात कुठून. पुढे किती वर्षांनी आईने सांगितलं. आजी पदराच्या गाठीत सुटे रुपये ठेवायची आणि सकाळी तुझ्या मुठीत एक-दोन कोंबायची, "घे, आज वायंच बोल." मी तिलाही दंड सांगितला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "माका दंड? मिया खंय शाळेत जातंय?"

त्या डब्यातल्या पैशांतून आपण कणकवलीच्या पुस्तक प्रदर्शनातून फास्टर फेणेची दोन पुस्तकं आणली. तू एसटीत बसल्या बसल्या पहिलं पुस्तक संपवलंस आणि मला म्हणालीस, "हा फुरसुंगीचा मुलगा आहे ना बाबा, मग मालवणचा का नाही कोणी?" मी फार खूश होतो त्या दिवशी. मुलगी वाचते, शुद्ध बोलते. पुस्तकं कशाच्या बदल्यात आली ह्याचा विचार तेव्हा केला नाही.

गेल्या महिन्यात तू लिहिलंस की घरमालकीणबाईंच्या आईला शाळेत स्कॉट्स बोललं म्हणून हातावर पट्टा बसायचा, आणि आता त्या म्हातारपणी शब्द शोधत बसतात. तू सहज लिहिलं होतंस. तुझ्या मनात तो डबा नसेलही. मी फोन उलटा करून ठेवला आणि विहिरीवर जाऊन उगाच दोन बादल्या पाणी काढलं. माफी मागायची होती ती तेव्हा जमली नाही. आता मागतो. तुझे शब्द मी विकत घेतले, एकेक रुपयाला. आज तू मला ते परत विचारतेस तेव्हा मला फार अभिमान वाटतो, आणि अभिमान वाटायचा मला अधिकार नाही असंही वाटतं.

पण हेच शब्द दिवसा विचार ना. शब्द कुठे पळून जात नाहीत.

झोपेच्या बाबतीत तू किती गुणी होतीस ते तुला काय माहीत. दादाला निजवायला आई दमून जायची. तू कुठेही, कशावरही. आत्ता जत्रांचे दिवस आहेत, रोज कुठे ना कुठे दशावतारी नाटकाचा दहिकालो आहे, रात्री वाऱ्यावर पखवाज ऐकू येतो. तू चार वर्षांची होतीस तेव्हा संकासुर नाचायला उठला, सगळी पोरं किंचाळत मागे पळाली, आणि तू आजीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपलेली. तौक्ते आलं, १६ मे २०२१, मागच्या बाजूची कौलं उडाली, फणस आडवा झाला, आई देवापुढे बसलेली, मी आणि दादा ताडपत्री धरून उभे, आणि एवढी थोरली तू माजघरात चटईवर गाढ. दुपारी उठून विचारतेस, "वारा पडला?" पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात तू जुने अंक वाचत पडायचीस आणि अंक तोंडावर घेऊन झोपायचीस. मीच उचलून बाजूला ठेवायचो. मग सांग, जी मुलगी वादळात झोपली तिला एका शांत खोलीत झोप का लागत नाही?

विचारलंच शेवटी.

आत्याचं नाव काढायचं नाही असंही ठरवलं होतं. तुझं तसं काही नाही, मला ठाऊक आहे. पण आत्याही त्या वर्षी फार गोड बोलायची. सगळ्यांशी हसून बोलायची, जुन्या आठवणी काढायची, आणि रात्री पडवीत बसून वाती वळायची. केवढ्या वाती झाल्या होत्या. आम्ही म्हणायचो, बरं झालं, चातुर्मासाला पुरतील. कोणी विचारलं नाही की ताई, झोपत का नाहीस. मी धाकटा होतो, पण विचारण्याइतका मोठा होतो. एवढंच लिहितो. आईला हे पत्र दाखवलेलं नाही.

आता जरा नीट ऐक. रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. दुसरी खोली नाही, माहीत आहे, मग स्वयंपाकाच्या कपाटात ठेव. संध्याकाळनंतर कॉफी नको. जेवण वेळेवर, आणि जेवण म्हणजे भात. पाव म्हणजे जेवण नव्हे. उकडे तांदूळ पाठवतोय, त्यांची मऊ पेज कर, वर तूप, बाजूला लोणचं. दुधात जायफळ उगाळून घे, जायफळ पार्सलात आहे, सहाणेवर नाही जमलं तर किसणीवर. सकाळी उजेड पडला की, कसाही करडा असो, बाहेर पडून अर्धा तास चालायचं, उजेड डोळ्यांत गेला पाहिजे. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या तिथे हिवाळ्यात सगळेच घेतात असं तूच म्हणाली होतीस, तू घेतेस का? प्रबंध एका वर्षाने लांबला तरी आभाळ कोसळत नाही. आणि माणसांत जा. रविवारी एकटी राहू नकोस. वेळेला किंमत आहे पण शरीर

नाही. थांबतो. वर्गात उभा राहिल्यासारखा लिहायला लागलो. एकतीस वर्षांच्या मुलीला दूध कसं प्यावं ते सांगतोय. रागावू नकोस. मला दुसरं काही करता येत नाही इथून. तुझ्या कपाळावर हात ठेवायला आलो असतो तर एक शब्द बोललो नसतो.

फक्त एक गोष्ट सांगतो आणि ती उपदेश म्हणून घेऊ नकोस. महिनाभराहून जास्त असं चाललं असेल तर डॉक्टरकडे जा. त्यात लपवायचं काही नाही. आमच्या वेळी लपवायचे. तुमच्या विद्यापीठात ह्यासाठी बोलायला माणसं असतात, तूच मागे दुसऱ्या कोणाला तिथे घेऊन गेली होतीस. तेव्हा मी विचारलं होतं, असल्या गोष्टी परक्याला कशाला सांगायच्या? ते विसर. सांग. परक्याला सांगणं सोपं असेल तर परक्याला सांग. आणि परत यावंसं वाटलं तर ये. कारण विचारणार नाही, गावात कोणी विचारलं तर मी बघून घेईन. पण ह्याचा अर्थ तू हरलीस असं मला वाटतं असा घेऊ नकोस. आपल्या वाडीतून एडिंबराला प्रबंध लिहायला गेलेली तू पहिली. बाजारात अजून लोक मला थांबवून विचारतात आणि मी उत्तर दोनदा सांगतो.

एक आठवण लिहितो आणि पुरे करतो. 'चांदोबा'तली विक्रम-वेताळाची चित्रं बघून तू एकदा घाबरली होतीस. झाडाला लोंबकळणारं ते प्रेत, राजाच्या खांद्यावरचा वेताळ. रात्री तू आजीकडे गेलीस आणि विचारलंस, तो वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा का? आजीला हसू आवरेना. मग तिने तुला दुसऱ्याच दिवशी आरवलीला नेलं. मी रजा काढून बरोबर आलो होतो. एवढी उंच मूर्ती, केळ्यांचे घड, आणि ते भले मोठे चामड्याचे चपलांचे जोड. आजीने तुला दाखवलं की लोक नवे जोड वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो, राखण करतो आणि त्याच्या चपला झिजतात. तू तळवे बघायला वाकली होतीस. त्या रात्रीपासून आजीचं एक वाक्य ठरलेलं असायचं. तू नुसती कूस बदललीस तरी अंधारातून तिचा आवाज यायचा, "वेतोबा जागो आसा, तू नीज."

मला तेव्हा ते आवडायचं नाही. मुलांना असलं काही सांगू नये असं माझं मत होतं. काल रात्री तीन वाजता मी स्वतः जागा होतो, तुझ्याकडे साडेनऊ झाले होते, आणि मी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. आईने झोपेतच विचारलं, कोण आलंय?

म्हणून आपण असं ठरवू. दुपारी साडेबाराच्या आत मी तुझ्या कुठल्याही मेसेजला उत्तर देणार नाही. साडेबारा म्हणजे तुझे सकाळचे सात. त्यानंतर हवे तेवढे शब्द, हवी तेवढी पुस्तकं, आणि पाऊसपाणी सगळं. पण एक आहे. रात्री खरंच राहवलं नाही, भीती वाटली, नुसतं एकटं वाटलं, तर मेसेज टाकायचा नाही. फोन करायचा. कितीही वाजता. मी शब्दांचे अर्थ सांगणार नाही, वेळ विचारणार नाही. मला उठवलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं नाही. उशाशी ठेवतो फोन, आवाज मोठा करून.

पार्सलात उकडे तांदूळ, सोलां, कुळथाचं पीठ, जायफळ, पाच अंक, आणि आजीच्या गोधडीचा तो तुकडा, ज्याच्यावरून तुम्ही दोघं भांडायचात. दादाने दिला. तळाला मोराचा डबा आहे. प्रदर्शनानंतर साठलेले एकोणतीस रुपये मी कधी खर्च केले नव्हते. ते आजीचे आणि तुझे.

तब्येत सांभाळ. आई विचारते म्हणून सांग.

तुझे,
बाबा

ता. क. पाकीट बंद करायला घेतलं आणि फोन वाजला. सहा वाजून पन्नास मिनिटं. तू विचारतेस, काजव्याला आजी काय म्हणायची? आठवतोय मला तो शब्द, आत्ता अगदी ओठांवर आहे. फोन पालथा घालून समोर ठेवलाय आणि घड्याळाकडे बघत बसलोय. सांगेन, तुझे सात वाजले की.